पिटूची उशी आणि अडलेली शिंक

एक होती पिटू. एवढीश्शी, गोल गोल, पांढरी पेशी. चारूच्या नाकात राहायची. जंतू आला की त्याला खायचं, हे तिचं काम. काम झालं की मऊ उशीवर झोपायचं.

एकदा काय झालं? पिटू जरा फिरून आली. बघते तर काय, उशीवर जंतू! हिरवा, जाडा, टम्म.

"ए, ऊठ! माझी उशी दे."

"नाही उठत, जा! उद्या मला शंभर पिल्लं होणार. सगळी इथंच लोळणार!"

बाप रे! शंभर? आणि हा जाड्या तर पिटूच्या तोंडात मावेना.

पिटू निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"शेंबूडदादा, ओढ ना.
जंतू उठेना,
पिटूची उशी मिळेना."

"मी नाही, जा! आधी शिंकेला ढकलायला सांग."

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"शिंकताई, ढकल ना.
शेंबूड ओढेना,
जंतू उठेना,
पिटूची उशी मिळेना."

"मी नाही, जा! आधी छातीला फुगायला सांग."

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"छातीकाकू, फुगा ना.
शिंक ढकलेना,
शेंबूड ओढेना,
जंतू उठेना,
पिटूची उशी मिळेना."

"मी नाही, जा! आधी हाताला सुटायला सांग. नाक-तोंड गच्च दाबून बसलाय मेला!"

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"हातोबा, सुटा ना.
छाती फुगेना,
शिंक ढकलेना,
शेंबूड ओढेना,
जंतू उठेना,
पिटूची उशी मिळेना."

"मी नाही, जा! आधी आत्याला निघायला सांग. कुणी निघताना शिंकायचं नसतं."

कुंदाआत्या दारातच उभी. पायात चप्पल, हातात पिशवी.

"येते हं वहिनी... अगं, एक सांगायचंच राहिलं!"

हे पाचव्यांदा!

पिटू आतून ओरडली,

"आत्याबाई, निघा ना.
हात सुटेना,
छाती फुगेना,
शिंक ढकलेना,
शेंबूड ओढेना,
जंतू उठेना,
पिटूची उशी मिळेना!"

आत्याला कुठलं ऐकू यायला? ती आपली बोलतेच आहे, बोलतेच आहे.

आता मात्र पिटू चिडली. नाकात गेली आणि थयथय नाचली. धप धप धप! धप धप धप! नाक झालं लालेलाल, बोटांच्या फटीतूनही दिसेल असं.

"अगंबाई! नाक आहे की टोमॅटो? बघू बघू!" आत्याने चारूचा हात ओढला.

हात सुटला.
छाती फुगली.
शिंकेने ढकललं.
शेंबडाने ओढलं.
जंतू उठला...

आ... आ... आक्छीं!

आत्याने पटकन रुमाल धरला. जंतू थेट रुमालात! फच्च!

"शतंजीव!" आई म्हणाली.

"शिंक झाली गं बाई! आता कसली निघते मी? चहा टाक, वहिनी." आत्याने चप्पल काढली.

पिटूने उशी झटकली. खाली एक आजच झालेलं चुकार पिल्लू! गट्टम! ढेकर दिली. उशीवर डोकं टेकलं.

घुर्रर्र... घुर्रर्र...

बाहेर आत्या म्हणाली, "अगं, एक सांगायचंच राहिलं!"