शमुवेलरावांचे मौन

प्रवरेच्या काठी बोरखळी नावाचे लहानसे गाव आहे. प्रभू येशूचे परमभक्त नाथानेल महाराज एका वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळापुरते तिथे मुक्कामाला आले आणि ख्रिस्ती देवळामागच्या पडवीत उतरले. जवळ एकतारी, घोंगडी आणि पाने सुटलेले पवित्र शास्त्र, एवढाच संसार. महाराज कीर्तन करीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, आणि कोणी फार शहाणपणाचे बोलू लागले की डोळे मिटून घेत. भाविकांना वाटे, महाराजांची समाधी लागली. महाराजांनी तो समज कधी दूर केला नाही.

बोरखळीच्या मंडळीत एक जुनी रीत होती. उपासकाळाच्या पहिल्या बुधवारी प्रत्येकाने उभे राहून सांगायचे, की देवाच्या जवळ जाण्यासाठी मी यंदा काय करणार. रीत चांगलीच. पण ती चारचौघांत पाळायची असल्यामुळे देवाच्या जवळ जाण्यापेक्षा शेजाऱ्याच्या पुढे जाण्याकडे लक्ष राही. एकाने एका वेळचे जेवण सोडले की त्याच्या मागचा दोन्ही वेळचे सोडायचा. कोणी स्तोत्रे पाठ करणार होते. मार्थाबाई रोज पहाटे टेकडीवर प्रार्थनेला जाणार म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांनी घसा खाकरून विचारले, "मग चहा कोण टाकणार?"

शेवटी मंडळीचे मुख्य पंच शमुवेलराव त्रिभुवन उठले. त्यांची प्रार्थना पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. तिच्यात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सारे काही येई आणि पोरे बाकावरच झोपी जात.

"मी मौन धरणार," ते म्हणाले. "पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत माणसाशी एक शब्द नाही. बोलेन तर प्रभूशी."

मंडळीत समाधान पसरले. काहींचे समाधान आध्यात्मिकही असावे.

तेवढ्यात मागून राहेलबाई खरात उभ्या राहिल्या. एकट्या, विधवा बाई. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात. पदर सावरीत म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. उपास धरला की चक्कर येती. तिकडं मळ्यावर लूकसभाऊ आजारी पडल्यात, करणारं कुणी न्हाई. त्यांना भाकर नेऊन देत जाईन म्हणते."

सगळ्यांच्या माना शमुवेलरावांकडे वळल्या. लूकस म्हणजे शमुवेलरावांचा धाकटा भाऊ, आणि दोघांत बोलणे नव्हते. वडिलांना माती देताना शमुवेलरावांनी प्रार्थना धरली होती. ऊन तापलेले, खांदेकरी ताटकळलेले, आणि प्रार्थना अजून मोशेपाशी. लूकसने मध्येच 'आमेन' म्हटले. अख्ख्या मंडळीने मोठ्या आनंदाने त्याला साथ दिली आणि भराभर माती लोटली. त्या दिवसापासून थोरल्याने धाकट्याचे नाव टाकले. लूकस मळ्यावर राहायला गेला. मळा हाकेच्या अंतरावर. पण हाक कोणी मारली नाही.

शमुवेलराव हसले. मौन अजून सुरू व्हायचे होते. "राहेलबाई, ही साधना नव्हे, स्वयंपाक झाला. चुलीपुढं बसून देव जवळ आला असता, तर माझी आजी आज सिंहासनाशेजारी बसलेली असती."

"बसली नसेल कशावरून?" महाराज म्हणाले.

लोक हसले. महाराज मात्र हसले नाहीत. म्हणाले, "उपास, पाठांतर, मौन, साऱ्या वाटा त्याच्याकडेच जातात. चालताना कोणी आडवा आला तर थांबावं, एवढंच माझं सांगणं."

शमुवेलरावांचे मौन कडक होते. अडलेच तर पाटीवर खडूने लिहीत. एका दुपारी ते ओट्यावर शास्त्र वाचीत असता काठी टेकत लूकस दारात आला. अंगात ताप, श्वास लागलेला. म्हणाला, "दादा, चुकलं माझं. मी आता फार दिवसांचा नाही. एकदा बोल माझ्याशी."

शमुवेलरावांनी ओठांवर बोट ठेवले आणि मग तेच बोट आभाळाकडे केले. लूकसने थोडा वेळ वर पाहिले. तिथे काही दिसले नाही, तेव्हा तो काठी टेकत परत गेला. त्या दिवशी शमुवेलरावांना मोठ्या मोहावर जय मिळवल्यासारखे वाटले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी देवळात उपासना चालली होती. वधस्तंभावरून प्रभू काय बोलला, ते पाळकसाहेब समजावून सांगत होते. राहेलबाई घामाघूम होऊन आत आल्या आणि थेट पहिल्या बाकापाशी गेल्या.

"पंच, लूकसभाऊ चाललं. दाराकडंच डोळं लावल्यात. एक शब्द टाका, मग पुन्हा गप ऱ्हावा."

शमुवेलरावांनी पाटीवर लिहिले, 'रविवारी.'

"मला वाचता येत न्हाई, पंच," राहेलबाई म्हणाल्या.

महाराज उठले. "मला येतं," ते म्हणाले. "चल बाई." आणि भर उपासनेतून तिच्यामागे चालू लागले.

शमुवेलराव बसून राहिले. पाळक पुन्हा वाचू लागले: बापा, त्यांची क्षमा कर. ते कानी पडताच शमुवेलराव पाटी बाकावर ठेवून बाहेर पडले, आणि या वयात मळ्याच्या बांधावरून पळत सुटले.

पोचले तेव्हा राहेलबाई लूकसचे डोळे मिटत होत्या. श्वास थांबला होता.

शमुवेलरावांनी तोंड उघडले. आवाज फुटेना. इतक्या दिवसांचा बंद घसा. नुसती घरघर आली. ते उंबऱ्यातच बसले.

महाराज म्हणाले, "राहेल, प्रार्थना कर."

"मला कुठं येती, महाराज?"

"जे येतं ते बोल."

राहेलबाईंनी हात जोडले. "देवा, भाकर केलीया. सकाळपासून ह्यांच्या पोटात काय न्हाई. आत्ताच थोरलं भाऊ आल्यात. एवढ्या वेळ वाट बघितली, अन् आता भेट न घेता कसं जातील? थोडं थांबू दे त्यांना."

महाराजांनी लूकसच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रभूचे नाव घेतले. धन्य त्याची करुणा! लूकसची छाती हलली. पापण्या उघडल्या. त्याने दाराकडे पाहिले.

शमुवेलरावांचा घसा सुटला. एवढ्या वर्षांत बोलायचे राहिलेले पुष्कळ होते, पण तोंडून निघाले ते एवढेच, "जेवलास का रे?"

"तुझ्यासाठी थांबलो होतो," लूकस म्हणाला.

एका ताटात दोघे जेवले. राहेलबाई तव्यावरून भाकरी वाढत होत्या. शनिवारी थोरला भाऊ उशाशी बसून बोलत राहिला. धाकटा ऐकत राहिला. आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, देवळाची घंटा होताना, लूकस शांतपणे प्रभूकडे गेला. मागितले होते तेवढे मिळाले. गमावलेली वर्षे कोणी मागितली नव्हती, आणि ती परत आली नाहीत.

दफनाच्या वेळी पाळकांनी शमुवेलरावांना प्रार्थना करायला सांगितले. ऊन तसेच होते. खांदेकऱ्यांनी सवयीने सावली शोधली. शमुवेलराव पुढे झाले, आणि वळून त्यांनी राहेलबाईंच्या पायांवर डोके ठेवले. मंडळीत माणसाच्या पाया पडायची रीत नाही. पाळक टोकायला पुढे आले, पण महाराजांनी त्यांचा हात धरला.

"उठा, पंच," राहेलबाई अवघडून म्हणाल्या. "मी काय केलं? भाकरच दिली."

शमुवेलराव उठले नाहीत. "बाई, तो माझ्या दारात आला होता," ते म्हणाले. "मला नुसतं 'ये' म्हणायचं होतं."