केरकर काका गिऱ्हाईक झाले

"…म्हणून तर केरकर काका आता सुरीच हातात धरत नाहीत. या महिन्यात दुकान बंद करून म्हणे ते कायमचे…"

लिफ्टचं दार लागलं. बी विंगच्या दोघीजणी वर गेल्या आणि मी भाजीची पिशवी धरून खालीच राहिले.

कायमचे काय?

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथे लॉन्ड्री होती तिथे, केरकर काकांचं सुशीचं दुकान आहे. माणूस मूळचा वेंगुर्ल्याचा, पण उमेदीची सगळी वर्षं ओसाकातल्या एका छोट्या हॉटेलात गेली. उतारवयात पुण्याला आले आणि एक काउंटर, त्यासमोर मोजक्या खुर्च्या, एवढ्यावर संसार मांडला. कच्च्या माशाच्या नावाने नाकं मुरडणारी आमची सोसायटी आता शनिवारी तिथे नंबर लावते. मी शाकाहारी, माझी मजल काकडीच्या गुंडाळीपर्यंत. पण त्या दुकानातला दिवा लागला नाही तर मला घरात करमत नाही.

मन काही स्वस्थ बसेना. घरी पिशवी टाकली, आंबेहळदीच्या लोणच्याची बाटली उचलली आणि पुन्हा खाली गेले. काहीतरी निमित्त लागतंच.

सात वाजून गेले होते. दाराबाहेर निळा पडदा लागला की दुकान उघडलं, अशी तिथली रीत. पडदा लागला नव्हता. बाहेरच्या बाकावर एक कुटुंब ताटकळत बसलं होतं.

आत शार्दूलचा आवाज चढला होता.

"मग मी काउंटरमागे उभा राहणार कधी, काका? दुकान बंद झाल्यावर?"

म्हणजे त्याच्याही कानावर गेलं होतं.

शार्दूल हा काकांचा शिष्य. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून इथे आलेला. भात धुवायचा, मासे साफ करायचे, भांडी पुसायची. हात देखणा, आणि देखणा आहे हे त्याला पक्कं ठाऊक. पण गिऱ्हाइकासाठी एक घास वळायची परवानगी काकांनी अजून दिली नव्हती.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "या, कुंदाताई."

"काका, लोक म्हणतात की…"

"बसा."

बसले.

काका काउंटरमागून बाहेर आले. कमरेचा अ‍ॅप्रन सोडायला गेले, तर गाठ सुटेना. बोटं गाठीभोवती नुसती नाचत होती…

शार्दूलने दुसरीकडे पाहिलं. मीही.

शेवटी अ‍ॅप्रन तसाच ठेवून काका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बांगडा," ते म्हणाले.

शार्दूलला आधी कळलंच नाही. मग चेहरा उजळला. हात धुऊन तो काउंटरमागे शिरला. मीठ लावून व्हिनेगरात मुरवलेला बांगडा काढला, तिरका काप घेतला. ओल्या हातात जरासा भात, हलकेच दाब, वर तो काप. छोट्या होडीसारखा घास त्याने बशीत ठेवला, आणि बशी किंचित फिरवली. चांगली बाजू समोर यावी म्हणून.

"तोंडात गेल्या गेल्या सुटेल," तो म्हणाला. "बघाच तुम्ही."

काकांनी घास उचलला.

तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. बोटं थरथरली, भात सुटला आणि शितं शर्टावर सांडली. काप तेवढा चिमटीत राहिला.

खरं होतं तर…

"पुन्हा," काका म्हणाले.

शार्दूलने दुसरा घास वळला. या वेळी चांगला घट्ट दाबून. हा पोचला. काका चावत राहिले, चावत राहिले.

"लाडू छान झालाय. बेदाणा नाही घातलास?"

शार्दूलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हलका वळला तर तुमच्या हातात टिकत नाही. घट्ट वळला तर लाडू. मग करू काय मी? चमचा देऊ?"

बोलून गेला.

"दे," काका शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात बाहेरच्या गृहस्थांनी दारातून डोकं आत घातलं. "अहो, उघडताय का, की जाऊ आम्ही?"

दोघांपैकी कुणीच मान वळवली नाही.

"पाच मिनिटं हं," मीच म्हणाले. कुठल्या अधिकाराने, देव जाणे.

शार्दूलने खण उघडला. चमचा काढला. पण तो पुढे करेना. काकांच्या शर्टाकडे बघत तसाच उभा. ती शितं काका एकेक करून वेचत होते, आणि एकही धड चिमटीत येत नव्हतं.

मला म्हणावंसं वाटलं, अरे, देऊन टाक एकदाचा.

शार्दूलने चमचा परत खणात ठेवला.

हात धुतले. पुन्हा भात घेतला. पहिल्यासारखाच हलका, किंवा त्याहून हलका. या वेळी बशी घेतलीच नाही. घास उजव्या हातात तसाच धरून तो काउंटरवरून पुढे वाकला.

"काका, हात."

काकांनी तळहात पुढे केला. तो थरथरतच होता. शार्दूलने खालून आपला डावा हात लावला, तळहातावर घास ठेवला, आणि आधार काढला नाही. दोघांचे हात तसेच तोंडापर्यंत गेले.

काका चावत होते. डोळे मिटलेले… शार्दूल अर्धा काउंटरवर ओणवा, हलायचीही भीती वाटावी तसा.

"कसा…" त्याने हळूच विचारलं.

"पडदा लाव," काका म्हणाले.

शार्दूल धावत जाऊन पडदा लावून आला. आला आणि खुर्च्यांच्या अलीकडेच थबकला.

"काउंटरमागे कोण उभं राहणार, काका?"

काकांनी बसल्या जागीच खुर्ची पुढे ओढून घेतली.

शार्दूल त्यांच्याकडे बघत राहिला. मग आत गेला. बाहेरचं कुटुंब येऊन बसलं, खुर्च्या सरकल्या, चहाचे पेले मांडले गेले. त्यातल्या आजींनी काय मागवायचं विचारलं, तर शार्दूल त्यांच्या बोटांकडे पाहत होता.

मला आता राहवेना. काकांच्या कानाशी झुकले.

"काका, म्हणजे सुरीचं खरंच. पण ते दुकान बंद करून कायमचे जाणार म्हणतात, ते?"

काकांनी आपला हात काउंटरवर ठेवला. तो तिथेही थरथरत होता. थोडा वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले, कुणा दुसऱ्याचाच असावा तसे.

"हात गेला, कुंदाताई," ते म्हणाले. "भूक कुठे गेलीय?"