पातोळ्यांतला शिंपला

एका खाडीकाठी नजर गेलेली द्वारकामावशी आणि तिची सून रेवती राहायच्या. हळदीच्या पानातल्या पातोळ्या विकून त्यांचं घर चालायचं. रेवतीने मावशीची कृती मोबाइलवर टाकली, तर शेफ मृगांकने ती, उकडायच्या पाण्यात टाकलेल्या शिंपल्यासकट, उचलून आपल्या व्हिडिओत स्वतःच्या नावावर खपवली. वर मावशीलाच चोर म्हणाला. गिऱ्हाइकं तुटली.

पुढे जत्रेत तो सगळ्यांसमोर पातोळ्या उकडायला बसला. मावशीने विचारलं, "साहेब, खालच्या पाण्यात शिंपला कशाला हो?"

"समुद्राची चव उतरते, आजी. तुम्हाला नाही कळायचं."

"मला दिसत नाही, म्हणून मी घालते. तो खडखडतो तोवर पाणी असतं. तुमचा मघाच गप्प झालाय. झाकण काढा."

झाकण काढलं, तर करपल्याचा वास जत्राभर! शेफने तिथेच व्हिडिओखाली मावशीचं नाव लिहिलं. आता सासूसुनेला परसातली हळदीची पानं पुरत नाहीत.