तीन हुंकारांचा कुंभ

एका राज्यात ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा अशी रीत होती. कोणी बोलू लागला की समोरच्याने "हूं" म्हणायचे. न म्हटले तर तो बोलणाऱ्याचा मोठा अपमान. रीत जुनी होती, गोड होती, आणि तिने कधी कोणाचे वाकडे केले नव्हते.

मग कृष्णकेतू मांत्रिक आला. त्याने राजा उदयभानाला शापित खजिन्यातला तांब्याचा कुंभ भेट दिला. त्या कुंभासमोर कोणाला दोषी म्हटले आणि दरबाराने तीन हुंकार दिले, की तो माणूस पाषाण होई. महालाच्या अंगणात असे सात पाषाण उभे होते.

एके दिवशी नदी आटली, आणि कुंभासमोर वेणाईला उभे केले गेले. वेणाई राज्याची पाणाडी. जमिनीला तळहात लावून पाणी किती खोल आहे ते ती सांगत असे.

त्याच सकाळी तिची लेक हेमकळा सात डोंगरांपलीकडून बारा वर्षांची विद्या शिकून परतली. पायांची धूळही न झटकता ती दरबारात धावली.

"आई!"

"आलीस?" वेणाई म्हणाली. "बारा वर्षांनी आलीस, ती नेमकी चूल थंड असताना."

हेमकळा राजापुढे वाकली. "महाराज, आईच्या वतीने मी बोलेन."

"बोल. तीन युक्तिवाद होतील," राजा म्हणाला. "तिसरा हुंकार पडण्याआधी प्रत्येकातली खोट दाखव. एक जरी निसटला, तरी तुझी आई आठवा पाषाण. आणि तुझेच बोलणे पोकळ निघाले, तर नववा पाषाण तू."

कृष्णकेतू पुढे आला. त्याच्या खांद्यावर बोलकी साळुंकी बसली होती.

"सोमवारी वेणाईने विहीर खणवली. मंगळवारी नदी आटली. म्हणजे विहिरीने नदी पिऊन टाकली."

"हूं," दरबार म्हणाला. वेणाईच्या पायांची बोटे राखाडी झाली.

"महाराज," हेमकळेने विचारले, "सोमवारी आपण काय केलेत?"

"मी? डोक्याला नवा मंदील बांधला."

"आणि मंगळवारी नदी आटली. म्हणजे आपल्या मंदिलाने नदी पिऊन टाकली?"

कोणीतरी हसले आणि घाईघाईने खोकले. राजाने मंदील चाचपला.

"एकामागून दुसरे घडले, एवढेच यांनी सांगितले," ती म्हणाली. "एकामुळे दुसरे घडले, हे दाखवलेच नाही."

दुसरा हुंकार दरबाराच्या घशात अडकला. वेणाईची बोटे मोकळी झाली.

कृष्णकेतूचे डोळे बारीक झाले. "पण बोलते आहे कोण? आरोपीची मुलगी! परमुलखाचे अन्न खाऊन आलेली. तिच्या शब्दाला किंमत ती काय?"

"हूं. हूं."

पाषाण वेणाईच्या गुडघ्यांपर्यंत चढला. तिसरा हुंकार ओठांवर आला होता. हेमकळा साळुंकीकडे वळली.

"साळुंकीताई, म्हण: मागून घडले म्हणजे त्यामुळे घडले असे नव्हे."

साळुंकीने ते जसेच्या तसे म्हटले.

"आता हे तुमच्याच घरचे पाखरू बोलले. माझ्या तोंडी खोटे होते आणि हिच्या तोंडी खरे झाले का?"

"वाक्य तर तेच आहे," राजा हळूच म्हणाला. वेणाईचे गुडघे मोकळे झाले.

तेव्हा कृष्णकेतू हसला. त्याने हात जोडले. "हरलो, मुली. माझे दोन्ही युक्तिवाद पोकळ ठरले. तिसरा तू कर. नदी कोणी नेली?"

हेमकळेचे रक्त उसळले. "तुझे बोलणे खोटे ठरले. म्हणजे चोर तूच!"

"हूं!" दरबार आनंदाने म्हणाला. "हूं!"

तिचे पाय गार पडले. तिने खाली पाहिले. ती कमरेपर्यंत पाषाण झाली होती. समोर वेणाईही पुन्हा राखाडी होत चालली होती.

"पोरी," वेणाई ओरडली, "जमिनीला हात लावल्याशिवाय मी कधी पाणी सांगते का?"

"थांबा!" हेमकळा म्हणाली. "तिसरा हुंकार देऊ नका. माझाच युक्तिवाद चुकला. याचे बोलणे पोकळ निघाले, एवढ्यावरून हा चोर ठरत नाही. नदी कोणी नेली, ते मला माहीत नाही."

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. "मला माहीत नाही" हे शब्द त्या दरबारात कोणी कधी उच्चारले नव्हते. पाषाण होता तिथेच थांबला.

"पण विचारता येईल," ती म्हणाली. "मला विचारा, यालाही विचारा. 'कशावरून' एवढेच विचारा."

"विचारायचे काय त्यात?" कृष्णकेतू घाईने बोलला. "नदी गेली. ती आता कुठेच नाही!"

तो हुंकाराची वाट पाहू लागला. राजाचे ओठ सवयीने मिटले. मग त्याने तो हुंकार गिळला.

"कशावरून?" राजा म्हणाला.

"कशावरून?" दारावरचा म्हातारा पहारेकरी म्हणाला.

"कशावरून?" खांद्यावरची साळुंकी म्हणाली.

कुंभ हुंकारांवर जगत होता. हुंकारांच्या जागी प्रश्न आले तसा त्याला तडा गेला, आणि तड्यातून नदी बाहेर आली, माशांसकट. ती पायऱ्या उतरली आणि कृष्णकेतूला घेऊन वेशीबाहेर गेली. अंगणातले सात पाषाण भिजले, शिंकले आणि आपापल्या वहाणा शोधू लागले. मायलेकींचे पाय मोकळे झाले.

"म्हणजे चोर तोच होता," हेमकळा म्हणाली. "माझे बरोबरच होते की!"

"होते. पण तेव्हा तुला ते ठाऊक नव्हते," वेणाई म्हणाली आणि तिने लेकीच्या पायांवरची धूळ पुसली. "चल. आता चूल पेटवू."

त्या राज्यात हुंकाराची रीत अजून आहे. फक्त दोन हुंकार झाले की तिसऱ्याच्या जागी "कशावरून?" म्हणतात, आणि बोलणारा त्यात अपमान मानत नाही. तीन हुंकारांची ही कथा एका प्रश्नाने सुफळ झाली. ज्याला पटली त्यानेही एकदा विचारून घ्यावे.