राजपुत्राच्या आवाजाची मैना

एका राज्यात, तळ्याकाठच्या मांत्रिकांच्या विद्यालयात, एक जुनी रीत होती. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओंजळीत मैनेचं पिल्लू ठेवीत. धन्याच्या तोंडचं जे रोज कानी पडे, तेच ते शिके. विद्या पुरी झाली की मैना भर दरबारात बोले, तीच परीक्षा.

राजपुत्र रणंजयाने मैनेला शिकवायचे कष्ट कधी घेतलेच नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्यापुढे एक स्तोत्र घाईघाईने घोकलं आणि स्वारी निश्चिंत झोपली. राजाच्या मुलाला नापास करायची छाती कोणाची!

दरबार भरला. मैना उडाली ती थेट राणीच्या खांद्यावर बसली आणि रणंजयाच्याच आवाजात ओरडली, "ए अडखळ्या! शब्द घशात अडकला का रे? मीट ते तोंड!"

राजपुत्र जागच्या जागी थिजला. शब्द त्याचेच होते. नावाड्याचा मुलगा सारंग बोलताना अडखळे, आणि रणंजय रोज त्याची नक्कल करून वर्गाला हसवी.

राणी काही बोलायला गेली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तो गेलाच होता.

"आईसाहेब! मी नुसती गंमत करत होतो!" रणंजय किंचाळला.

त्याच क्षणी राजाचा आवाज गेला.

"सगळेच हसायचे! मी एकटा नव्हतो!"

साऱ्या दरबाऱ्यांचे आवाज गेले. डोळे विस्फारलेले, तोंडं उघडी, आणि सभेत चिडीचूप. तोंड उघडायचीही रणंजयाला भीती वाटू लागली.

आवाज उरले दोघांचे. विद्यालयाचे आचार्य वज्रदंत यांना मंत्राचं कवच होतं. आणि सारंगने या शब्दांचा शाप रोजच सोसला होता, त्याच्यावर तो नव्याने काय चालणार?

"राजपुत्रा," आचार्य म्हणाले, "आवाज परत आणायला कामं तीन. केलंस ते सबब न जोडता सांग. ज्याला छळलंस, त्याचं मध्ये न बोलता ऐक. आणि मैनेला नवं बोलणं शिकव."

रणंजय दरबारासमोर उभा राहिला. "मी सारंगची नक्कल केली. रोज केली. तो रडला, तेव्हा आणखी केली. मला हसू हवं होतं." दरबाऱ्यांचे आवाज परतले.

मग तो सारंगसमोर जमिनीवर बसला. सारंगचे शब्द अडत होते. ते पुरे करायला रणंजयाची जीभ वळवळली. त्याने ओठ दाताखाली धरला.

"यु... युवराज, मी घरी ब... बोलणं सोडलं. आई पलीकडच्या घाटावर असते. तिला हा... हाक मारत नाही. लोक ऐकतील म्हणून."

रणंजयाने मान वळवून आपल्या आईकडे पाहिलं. ती त्याला हाक मारू शकत नव्हती.

"क्षमा आज नाही दे... देणार," सारंग म्हणाला.

"नको देऊस," रणंजय म्हणाला. राजाचा आवाज परतला.

तिसरं काम मात्र महिनोन् महिने चाललं. मैना वर्गात, घाटावर, भर बाजारात जुनंच ओरडे. रणंजय शरमेने लाल होई, तरी पिंजऱ्यावर कापड टाकत नसे. "हे शब्द माझे आहेत," तो सांगे. एकदा सारंग अडखळला आणि पोरं खिदळली. रणंजय उठून उभा राहिला. "थांबा. त्याचं पुरं होऊ द्या." मग रोज तो मैनेला घेऊन सारंगजवळ बसे आणि ऐके.

पुन्हा दरबार भरला. मैना राणीच्या खांद्यावर बसली.

"सावकाश बोल," मैना त्याच्याच आवाजात म्हणाली, "मी ऐकतोय."

राणीचे ओठ हलले. "र... र... रण..." इतक्या दिवसांच्या मौनाने तिची जीभ अडखळत होती. नाव पुढे सरकेना. दरबारात कोणी हसलं नाही. रणंजय हात जोडून उभा राहिला आणि नाव पुरं होईपर्यंत थांबला.

शाप सरला. त्या संध्याकाळी महालाच्या खिडकीतून त्याला घाटावरची एक हाक ऐकू आली. "आ... आ... आई!" ती तुटत तुटत पाणी ओलांडून गेली, आणि पलीकडून ओ आली.