ओहळीचा शंख

भरतीच्या रेषेखाली जे राज्य आहे, तिथे कुणालाही स्वतःच्या तोंडाने न्याय मागता येत नाही. कड्याच्या माथ्यावर एक डोह आहे. त्यात म्हातारे शेवंड, म्हणजे लांब मिशांचे मोठे झिंगे, बसतात आणि राज्यातल्या सगळ्या तंट्यांचा निवाडा करतात. त्यांच्यासमोर बोलायचा अधिकार मात्र फक्त बोलक्यांना आहे. बोलका व्हायचं तर कड्यातल्या एका फटीतून डोहात शिरावं लागतं, आणि त्या फटीपर्यंत पाणी पोचतं वर्षातून एकदाच, मोठ्या उधाणाला. पाणी उतरायच्या आत जो शिरला तो बोलका. उरला तो पुढच्या उधाणापर्यंत खाली. हे असं का ठरवलं, असं शेवंडांना विचारायचं झालं तरी त्यासाठी आधी आत जावं लागतं.

तिरपी ही शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या कुळातली. या कुळाचं पुढचं अंग टणक आणि मागचं अगदी मऊ, म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात ते मऊ पोट घालून त्यांना जगावं लागतं. तिच्या घरच्या खळग्याच्या तोंडाशी एक वाम मासा येऊन बसला होता. 'तोंडाशी मी आहे, म्हणजे खळगा माझा,' एवढंच त्याचं म्हणणं. आत तिरपीची आई आणि भावंडं अडकली होती. लाटेबरोबर जे आत येईल ते खायचं आणि वामाच्या जबड्यापासून जमेल तेवढं लांब निजायचं, असे त्यांचे दिवस जात होते. मधूनच एखादं भावंड कमी व्हायचं. इतर कुळांच्या बोलक्यांना खेकड्यांचं नाव काढलं की वेळ नसायचा.

शेवटी वाम डुलकीत असताना आईने तिरपीला बाहेर ढकललं. "तू बोलकी हो आणि वरून आमच्यासाठी बोल," ती म्हणाली. "आम्ही दम धरतो. पण फार लावू नकोस गं." तिरपीच्या अंगात तेव्हा आईनेच दिलेला एक साधा तपकिरी शंख होता आणि तो तिला छान बसत होता.

कड्यापर्यंतच्या वाटेवर तिची एका अनोळखी खेकडीशी टक्कर झाली. धडक एवढी जोरात की त्या खेकडीच्या शंखाच्या ओठाचा, म्हणजे तोंडाच्या कडेचा, टवकाच उडाला. तिरपीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती खेकडी हसली. "जाऊ दे गं, आता गर्दीत माझा ओळखू तरी येईल." तिचं नाव ओहळी. तीही उधाणासाठीच निघाली होती. दोघी पुढे बरोबर चालल्या.

कड्याच्या पायथ्याशी अष्टपादाची कपार होती आणि कपारीत शंखच शंख होते. कडा चढताना लाटा आपटतात, वरून पक्षी चोची मारतात. शंखाशिवाय फटीपर्यंत जाणं कुणालाच शक्य नव्हतं. प्रश्न फक्त कोणता शंख, एवढाच. मागच्या सगळ्या उधाणांचे प्रवाह ज्याच्या रेघांत उमटलेत तो? ज्यांच्याकडे वेळ कमी त्यांच्यासाठीचा आखूड? की एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा असलेला, म्हणजे पुन्हा कुठे जायलाच नको? अष्टपाद आठही हातांनी आठ शंख पुढे करायचा आणि वर म्हणायचा, "सावकाश बघा ताई. घाई करू नका. आयुष्याचा प्रश्न आहे."

कपारीच्या दाराशी काही शंख खडकात घट्ट बसवलेले होते. ते देण्यासाठी नव्हते, नुसते कान लावून ऐकण्यासाठी होते. त्यांच्या ओठांवर समुद्रफुलं, म्हणजे फुलांसारखे दिसणारे डसरे जीव, दाट चिकटलेली होती आणि आतून एक खोल घुमकार यायचा. तिरपीने एकाला कान लावला आणि तिच्या अंगावर काटा आला. "आतून कुणी हाक मारतंय असं वाटतं," ती म्हणाली.

"ते ज्ञान हो, ताई," अष्टपाद म्हणाला.

ओहळीनेही कान लावला, आतलेही शंख बघितले, आणि म्हणाली, "मला माझाच बरा आहे. मी आपली चढायची सवय करते." आणि ती खरंच निघून गेली. रोज भरती आली की ती कड्याला भिडायची, पडायची, पुन्हा भिडायची. तिरपीला तिची कीव आली. एवढ्या मोठ्या परीक्षेला कुणी टवका उडालेला शंख घालून जातं का?

तिने जाड पाठीचा शंख निवडला. आदल्या उधाणाला आत गेलेल्या कुणाचा तरी तो होता म्हणे. त्याच्या बदल्यात तिने कपारीत इतकी कालवं आणून टाकली की चढायची सवय करायला दिवस उरेना. शिवाय या कुळाचं पोट शंखाच्या वळणाने वळतं. नवा शंख म्हणजे अंगाला नवं वळण, आणि ते बसायला वेळ लागतो. ते बसतंय न बसतंय तोच बातमी आली की यंदा प्रवाह डावीकडून येणार. डाव्या वळणाचे शंख दुर्मिळ, पण अष्टपादाकडे नेमका एक होता. तिरपीने पुन्हा कालवं गोळा केली आणि पोट उलट्या दिशेने पिळून त्यात घातलं. इतकं दुखायचं की चालताना ती नांग्या आवळायची. पण आपण काहीच कमी ठेवत नाही, याचं तिला समाधान होतं.

उधाण आलं ते नेहमीच्याच बाजूने. "चल ना!" ओहळी ओरडली.

"अंग अजून बसलं नाही गं!"

ओहळी थोडा वेळ थांबली, मग चढली आणि दिसेनाशी झाली. पाणी उतरलं. त्याच सुमारास खळग्याकडून आलेल्या एका कोळंबीने निरोप सांगितला की आणखी एक भावंड गेलं, आणि आई विचारते आहे, अजून किती?

पुढे कड्याच्या माथ्यावरून ओहळीचा आवाज ऐकू येऊ लागला. ती कुणाकुणाची बाजू मांडायची आणि खालचे माना वर करून ऐकायचे. आपल्या खळग्याचंही तिलाच सांगावं असं तिरपीच्या मनात यायचं, पण आईने 'तू बोल' म्हटलं होतं. अष्टपादाने एकदा सगळ्यांसमोर खालून विचारलं, "ओहळीबाई, चढताना शंख कोणता होता?" वरून उत्तर आलं, "माझाच जुना, टवका उडालेला!" जे विचारलं त्याचं तिने खरं उत्तर दिलं. पुढचं काही कुणी विचारलंच नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तो शंख कपारीत मधोमध मांडलेला! टवका तिरपीनेच पाडलेला, तेव्हा ओळखायला चुकणं शक्य नव्हतं. जो घालून ओहळी वर गेली तो शंख खाली कसा, हे तिच्या मनात यायला हवं होतं. नाही आलं. अहो, एकाच्याही मनात नाही आलं! सगळे हरखून एकच म्हणत होते, ओहळीचा शंख, ओहळीचा शंख.

या कुळात शंख बदलायची एक जुनी रीत आहे. सगळ्यात मोठा खेकडा पुढे, त्याच्या मागे त्याहून लहान, अशी रांग लावायची आणि प्रत्येकाने पुढच्याचा शंख नांगीत धरून ठेवायचा. पहिल्याने नवा शंख घेतला की त्याचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. रीत चांगली आहे, पहिल्याने हललं पाहिजे एवढंच. त्या वर्षी रांगेच्या तोंडाशी ढबू नावाचा एक जाडजूड खेकडा होता. ओहळीचा शंख त्याला जेमतेम निम्मा आला असता. पण हातचा सोडायचा कसा? तो शंख धरून बसला. त्याला धरून दुसरा बसला. तिरपी मध्ये कुठेतरी, पुढच्याला धरलेली आणि मागच्याने धरलेली. रांग सोडली तर जागा जाणार, या भीतीने कुणी हलेना.

मोठं उधाण आलं ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. जोरात पाणी आलं म्हणून सगळ्यांनी एकमेकांना आणखी घट्ट धरलं. मग ते उतरलं. तेव्हा कुठे ढबू वैतागून म्हणाला, "मला होत नाही हा," आणि निघून गेला. त्याच्या मागचेही एकेक करून बघून गेले, कुणालाच तो बसेना. तिरपीची पाळी आली.

तिलाही तो लहानच होता. दोन शंखांमध्ये तिचं अंग वेडंवाकडं वाढलेलं, आणि ओहळी मुळात चणीने बारीक. तिरपी आत घुसत राहिली, कळवळत राहिली, आणि अखेर घुसली. अष्टपादाने बघून मान डोलावली. "आता एवढंच कशाला राहू द्यायचं, ताई," असं म्हणून त्याने शंखाच्या ओठावर समुद्रफुलं आणून चिकटवली. ती पक्ष्यांना डसतात. शिवाय, तो म्हणाला, ज्यांचं नाव गाजतं त्या सगळ्यांच्या शंखावर ती असतात. वाढत वाढत त्यांनी टवका झाकून टाकला. तिरपीचं अंग शंखात असं चिणलं गेलं की तिला मान वळवणंही कठीण झालं. पण शंख ओहळीचा होता. आता फक्त चढायचं होतं.

पुढच्या उधाणाला ती चढली. आणि काय सांगावं, चांगली चढली! लाटा आल्या, तिने सोसल्या. पक्षी आले, समुद्रफुलं डसली तसे परत गेले. आई, आलेच मी, आलेच, असं ती मनात म्हणत होती. ती फटीशी पोचली तेव्हा पाणी अजून भरपूर होतं.

फट तिच्या नांगीपेक्षा थोडीच रुंद होती.

तिच्या शेजारी एक खेकडा आला, शंखातून बाहेर पडला आणि मऊ, उघडं अंग घेऊन फटीत शिरला. त्याच्या मागून आणखी एक तसाच गेला. त्यांचे शंख फटीच्या पायाशी पडले. तिथे आधीच शंखांचा ढीग होता, जुने, नवे, जाड पाठीचे, आखूड. तिरपीला सगळं कळलं. वेळ लागला नाही, एका क्षणात कळलं.

"तिरपे!" फटीतून ओहळीचा आवाज आला. "सोड तो! नुसती ये!"

तिरपीने जोर लावला. खडकाला नांग्या रोवून सगळ्या पायांनी स्वतःला ओढलं. पोट हललं नाही. ते उजवीकडे वळलेलं, मग डावीकडे पिळलेलं, मग पुन्हा दाबून बसवलेलं. आता कोणत्या बाजूने सोडवायचं ते तिलाच कळेना. "निघत नाही गं ओहळी!" ती रडायला लागली. "निघतच नाही!" ओहळी हाका मारत राहिली. पाणी फटीच्या खाली गेलं आणि मग हाकाही ऐकू येईनात.

ढिगात एक लांब हात आला. त्याने एकेक शंख उचलून चाचपला, रिकामा आहे का पाहिलं. तिरपीच्या शंखाशी येऊन तो थबकला, त्याने ओठावरच्या फुलांवरून टोक फिरवलं. "हा भरलेला आहे," अष्टपाद म्हणाला. "छान."

तिच्या शंखाला कपारीच्या दाराशी जागा मिळाली. समुद्रफुलं वाढत गेली आणि त्यांनी शंखाचं तोंड मिटवून टाकलं. आत काळोख होता. बाहेर कुणी आलं की तिला चाहूल लागायची आणि ती जीव तोडून ओरडायची.

एके दिवशी एक एवढीशी खेकडी कपारीशी आली. तिच्या अंगात साधा तपकिरी शंख होता आणि तो तिला छान बसत होता. "वाम झोपला होता म्हणून आईने मला ढकललं," ती अष्टपादाला म्हणाली. "आता आम्ही दोघीच उरलोय. माझी ताई पण याच कामाला आली होती. तिरपी तिचं नाव. तुम्ही पाहिलीत?"

"खूप येतात हो, ताई. कुणाकुणाची नावं लक्षात ठेवू?" अष्टपाद म्हणाला. "तुम्ही आधी हा ऐका. पार फटीला टेकून आलेला शंख आहे."

तिने कान लावला. तिच्या अंगावर काटा आला.

"आतून कुणी हाक मारतंय असं वाटतं," ती म्हणाली.

"ते ज्ञान हो, ताई."

ती डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. घुमकार वाढत वाढत गेला. मग तिने अंगातला तपकिरी शंख काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "दाखवा."