पहिलं विरजण

सोसायटीच्या वर्धापनदिनी माझ्या लेकीचा नाच वगळला, पण शेजारच्या टिपणिसांची ऋता 'पृथ्वीवर पहिला जीव कसा आला' यावर बोलणार होती.

अध्यक्ष पोंक्षे उठले. "जिवाशिवाय जीव नाही, विरजणाशिवाय दही नाही. खोडून दाखव, नाहीतर भाषण रद्द."

ऋताने विचारलं, "काका, तुमच्याकडे विरजण कुठून येतं?"

"या समोरच्या वहिनींकडून."

"आणि काकू, तुमच्याकडे?"

"सासूबाईंकडून," मी म्हटलं.

"असं मागे मागे गेलं, तर जगातलं पहिलं दही विरजणाशिवायच लागलं असणार ना, काका? पहिल्या जिवाचंही तसंच. ते कसं, हेच सांगणार आहे."

पोंक्षे खाली बसले. टाळ्या थांबेनात.

विरजण माझं, टाळ्या तिला. सकाळी तिची आई वाटी घेऊन आली. दिलं मी विरजण, पण अर्धा चमचाच.